चौथा भुताचा

“साडी घेतंस काय गो?” आबा म्हणाले आणि दुकानातली सगळी माणसं हसली.

मी एका पांढऱ्या दोराचं टोक गालाला लावून बघत होते. आजऱ्याला माझ्या वडिलांचं शिलाईचं दुकान होतं आणि मी मशीनच्या पायडलखाली रांगायला शिकले, असं माझी आई सांगायची. सूत हाताला कळलं नाही तर गालाला कळतं, ही तिथली शिकवण. मालवणच्या बाजारातल्या त्या जाळ्या-नांगरांच्या दुकानात ती कुणालाच ठाऊक नव्हती.

“साडीच म्हणा,” मी म्हटलं. “होडीला नेसवायची हाय.”

“नेसव, नेसव. काठ-पदर बघून घे.”

आबा म्हणजे माझे सासरे. खाडीवरच्या आमच्या वाडीत त्यांना गजा तांडेल म्हणत. तांडेल म्हणजे होडीचा कर्ता, ज्याच्या शब्दावर होडी वळते तो. गुडघे गेल्यापासून आबा दर्यावर जात नव्हते, पण वाडीत कुणीही होडी बांधली की जाता जाता त्या दोराला हात लावून बघितल्याशिवाय त्यांना पुढं जाववत नसे. मी त्यांची घाटावरची सून. त्यांचा मुलगा रुपेश आईबरोबर आजऱ्याच्या बाजाराला सुकी मासळी घेऊन यायचा, तिथं आमचं जमलं. “मासळी संपली आणि येताना रिकामी टोपली नको म्हणून हिका घेवन इलो,” असं आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. त्यात राग नव्हता. पण लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मी त्यांच्या लेखी टोपलीतूनच आलेली होते.

दुकानदारानं तीन दोर पुढं टाकले. हिरवा चकचकीत दोर आबांनी पायानंच बाजूला सारला.

“ह्यो तरंगता. तरंगतो दोर इंजिनाच्या पंख्यात जाता. मगे बसा दर्यात देवाचा नाव घेत.”

दुसरा काथ्याचा, सुंभाचा. तो त्यांनी उचलला, नाकाशी नेला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

“ह्यो खरो दोर,” ते म्हणाले.

“खरो, पण कुसता,” दुकानदार म्हणाला. “आता सगळे नायलॉनच नेतत, तांडेलांनू.”

“नेतत, ता म्हायत आसा माका.” आबांनी नाइलाजानं माझ्या हातातला पांढरा दोर घेतला आणि दोन्ही हातांनी ताणला. “ह्येचो गुण एकच. ताण इलो की लांबता. लाटेचो झटको होडयेक लागणा नाय, दोरच खाता.”

एवढं बोलून त्यांनी मनगटाएवढा जाड नायलॉन मागितला. मी पिशवीतून शिलाईची टेप काढली. निघायच्या आधी मी होडीच्या नाकावरच्या कडीचं माप घेऊन ठेवलं होतं. “एवढा जाड दोर कडीतून जायचाच न्हाई, आबा. सुईच्या नाकात सुतळी कशी घालायची?”

दुकानदारानं तेवढीच एक कडी शोधून आणली आणि दोर तिच्यात घालून बघितला. अर्ध्यातच अडकला. आबांनी माझ्याकडं न बघता बोटानं त्याहून बारीक दोर दाखवला. “बरा, बरा. तो दी.”

खरं म्हणजे आम्ही दोघं एकाच होडीसाठी दोर घ्यायला आलो होतो आणि दोघांच्या मनात दोन गोष्टी होत्या. आबांना ती होडी विकेपर्यंत टिकवायची होती. मला ती विकू द्यायची नव्हती.

ती छोटी फायबरची मोटारहोडी रुपेशनं घेतली होती. तो मोठ्या मालवाहू जहाजावर कामाला होता. एकदा गेला की नऊ-नऊ महिने तोंड दिसायचं नाही. खाडीवरची जुनी तर बंद पडली होती, म्हणजे लोकांना ये-जा करणारी होडीच नव्हती. पलीकडच्या बाजाराला जायचं तर बायकांना मासळीची टोपली घेऊन पुलापर्यंत मोठा वळसा पडायचा. आपण तर चालू करायची, जहाज सोडायचं, असा त्याचा बेत. मागच्या सुट्टीत त्यानं मलाही इंजिन चालवायला शिकवलं. आबांना ते माहीत होतं आणि माहीत नसल्यासारखं ते वागत. पण तर सुरू व्हायच्या आधीच जहाजाचं बोलावणं आलं आणि रुपेश पुन्हा गेला. आता घटस्थापनेच्या सुमाराला तो मुंबईला उतरणार होता. तिथं कंपनीच्या ऑफिसात नवा करार तयार असणार होता. होडी असली तर तो घरी येणार होता. नसली तर घरी येऊन करायचं काय? सही करून परत जाणार. फोनवर त्यानं मला हे इतक्या सरळ सांगितलं होतं की मला रात्रभर झोप आली नाही.

आणि इकडं आबांनी वेंगुर्ल्याच्या कायतानला शब्द दिला होता. कायतान पर्यटकांना होडीतून फिरवायचा धंदा करायचा. आबांचं म्हणणं एवढंच की घरात बाप्या नाही, आपले गुडघे नाहीत, मग होडी कुणाच्या जिवावर ठेवायची? पितृपक्षात कुणी व्यवहार करत नाही, म्हणून कायतान घटस्थापनेला येणार होता, आणि त्याला होडी पाण्यात तरंगताना बघायची होती. गणपतीला मुंबईची सगळी पोरं गावात होती, तेव्हा त्यांनी ओरडत, हसत अंगणातली होडी उचलून खाडीत सोडली. ती पोरं परत गेली. आता होडी बाहेर काढायला वाडीत तेवढे हातच नव्हते. म्हणजे मध्ये येणारं सर्वपित्री अमावस्येचं उधाण, वर्षातलं सगळ्यात मोठं, तिला पाण्यातच काढायचं होतं.

दुकानातून परतताना एसटीत मी आबांना विचारलं, “उधाणात होडी जागेवर राहिली तर?”

“तर काय?”

“तर कायतानला नको द्यायला.”

“उधाण एकदाच येता काय गो? दर पंधरा दिसांनी येता. रोज कोण बघतलो?”

“मी बघेन.”

 कुडाळकडून येणारी एक एसटी आमच्या शेजारून गेली, तिच्या ड्रायव्हरला आबांनी उगीचच हात केला. मग म्हणाले, “पुढलो दोर तू कर. पाठलो मी करतंय. बगूया.”

‘बगूया’ हा आबांचा शब्द नकाराच्या जवळचा होता, पण नकार नव्हता. मला तेवढ्यानंही बळ आलं.

दुसऱ्या दिवशी अंगणात आम्ही दोर घेऊन बसलो. होडीला गाठ चालत नाही. गाठीजवळ दोर मोडतो आणि भिजून ताणली गेलेली गाठ ब्रह्मदेवालाही सुटत नाही. म्हणून दोराचं टोक उकलून त्याचे तीन पेड सुटे करायचे, दोर वळवून फासाएवढा डोळा ठेवायचा, आणि ते तीन पेड मूळ दोराच्या पेडांत एकावरून एकाखालून विणत न्यायचे. तिन्ही पेड एकदा विणले की एक फेरा झाला. आबांकडं म्हशीच्या शिंगाचा एक जुना दाभण होता, पेड उचकटायला. तो त्यांनी मला दिला आणि स्वतः हातानंच सुरुवात केली.

“एक फेरो रवळनाथाचो,” त्यांनी विणता विणता सांगितलं. “दुसरो दर्याचो. तिसरो घराचो. झाला. तीन फेरे.”

“आणि चौथा?”

“चवथो भुताचो. चवथो घालूचो नाय. घातलो तर भूत होडी मागता.”

“मागून नेतं कुठं?”

“तुका काय करूचा आसा? घाटार नेता.”

सासूबाई ओसरीवर वाल सोलत होत्या. त्या हसून म्हणाल्या, “घाटावरसून एक आणला ता पुरे नाय काय?”

आबांचा डोळा बघताबघता तयार झाला. त्यांची बोटं जाड, पण नव्या सुनेनं रांगोळी काढावी तशी नेटकी चालायची. माझे पेड मात्र एकमेकांत गुंतत होते. पहिला फेरा मी दोनदा उसवला. नायलॉन सुंभासारखा नव्हता. तो हातातून निसटायचा, पीळ सोडून द्यायचा, लग्नातल्या रुसलेल्या जावयासारखा बसवेल तिथं बसायचा नाही. शेवटी टोकं मेणबत्तीवर धरून वितळवली, तेव्हा कुठं पेड पेडासारखे वागायला लागले. आबांना तो वास आवडला नाही.

“दोर जाळतंस?”

“आमच्यात नायलॉनची नाडी अशीच बंद करतात.”

“नाडी!” आबा म्हणाले. पण हरकत घेतली नाही.

माझे तीन फेरे झाले तेव्हा त्यांनी डोळा हातात घेऊन ओढून बघितला, अंगठ्यानं एकेक पेड दाबला आणि म्हणाले, “नवखी असून बरा केलंस. आता दुसऱ्या टोकाक तसोच कर. मी पडतंय जरा.”

ते आत जाऊन पडले. मी दुसऱ्या टोकाला बसले. तीन फेरे झाले, दोर खाली ठेवला, पुन्हा उचलला. माझं समाधान होईना. आमच्या दुकानात वडील एक गोष्ट सारखी सांगायचे: सुती धागा धरून राहतो, नायलॉनचा धागा निसरडा, तिथं शेवटी टाके वाढवा, नाहीतर गिऱ्हाईक दुकानातून घरी पोचायच्या आत शिवण उसवून येतं. आबांच्या तीन फेऱ्यांवर मला शंका नव्हती. त्यांच्या हाताचे तीन फेरे होते ते. माझ्या हाताचे तीन म्हणजे काय? मला माझीच भीती वाटली, आणि रुपेश ऑफिसच्या बाकावर पेन हातात घेऊन बसलेला दिसायला लागला.

मी आत डोकावले. आबा घोरत होते. मी चौथा फेरा घातला.

घातला आणि मलाच कसंतरी झालं. सासूबाईंनी बघितलं नव्हतं. पण शेवटचा फेरा भुताचा, हे काही बरं नाही. घाटावरच्या माणसालाही भूत लागू शकतं. मग मी त्याच्या डोक्यावर पाचवा घातला, म्हणजे भूत मधल्यामध्ये दाबलं जाईल. आता एका टोकाला तीन आणि दुसऱ्याला पाच कसे ठेवायचे? पहिल्या टोकालाही आणखी दोन घातले. मग जुन्या ताडपत्रीच्या पट्ट्या कापून दोन्ही विणींवर गुंडाळल्या आणि जाड दोऱ्यानं शिवून टाकल्या.

आबा उठून आले. “ह्या कित्याक?”

“कडीवर घासून दोर फाटू नये म्हणून.”

त्यांनी शिवण निरखून बघितली. “ह्या मात्र तुका जमता,” ते म्हणाले. मी मान खाली घालून पट्ट्यांचे उरलेले तुकडे गोळा केले.

खाडीच्या वरच्या अंगाला आबांचा एक जुना लोखंडी नांगर गाळात कायमचा रुतलेला होता. ओहोटीला पाण्यात उतरून आम्ही माझ्या दोराचा एक डोळा त्याला आणि दुसरा होडीच्या नाकाला अडकवला. होडीच्या मागून निघालेला आबांचा दोर किनाऱ्यावरच्या एका माडापर्यंत आणला. माडाभोवती तो वळवून आबांनी तिथंच नवा डोळा विणला, तीन फेऱ्यांचा. पुढचा दोर होडीला प्रवाहात धरणार, मागचा तिला किनाऱ्याच्या आडोशाला ठेवणार. मग आबांनी माडाला हात लावून नमस्कार केला. इंजिन आधीच काढून घरात आणून ठेवलं होतं.

पितृपक्ष तसा शांत गेला. मी रोज सकाळी खाडीवर जायची आणि मी पोचायच्या आत आबा तिथं जाऊन आलेले असायचे. त्यांच्या काठीचे ठसे गाळात दिसायचे. आम्ही एकमेकांना काही विचारत नव्हतो.

अमावस्येला पहाटेपासून घाटमाथ्यावर पाऊस कोसळत होता. इकडं नुसता वारा. दुपारी भरती चढली ती थांबेचना; पाणी माडांच्या मुळांवरून आत आलं, कुणाच्यातरी परसातली केळ बुडाली. सासूबाईंनी पितरांचं पान वाढलं होतं. कावळा शिवल्याशिवाय घरात कुणी जेवणार नव्हतं, पण त्या वाऱ्यात कावळे कुठले यायला? आबा पान घेऊन माडाशी उभे होते आणि मी त्यांच्याजवळ.

“आता सुकती लागतली,” आबा म्हणाले. म्हणजे ओहोटी. “आता खरा.”

खाडीचं पाणी थबकलं, आणि मग वरून आलेला पूर आणि ओहोटी दोन्ही एकदम समुद्राकडं निघाली. पाणी तांबडं झालं. दोन्ही दोर ताठ झाले. होडी नाक वर करून उभी राहिली, तेव्हा मला वाटलं, बस, जमलं.

तेवढ्यात वरून केळींचं एक अख्खं बेट मुळांसकट वाहत आलं आणि होडी आणि किनारा यांच्या मध्ये घुसलं. होडी बाहेर ढकलली गेली. सगळा ताण मागच्या दोरावर, आबांच्या दोरावर आला.

मी माडाकडं बघितलं. डोळ्याच्या विणीतून एक पेड सरकत होता. हळू, अगदी शिवण उसवते तसा. मग त्याच्या शेजारचा.

“आबा!”

त्यांनीही बघितलं.  घराचा फेरा गेला, दर्याचा गेला, आणि मग एकदम सगळंच सुटून दोर माडाभोवतून सळसळत निघाला. आबांनी हातातलं पान टाकलं आणि त्या पळत्या टोकावर झडप घातली. जुनी सवय, त्यांनी दोराला मनगटाभोवती वळसा दिला. पुढच्या क्षणी होडी त्यांना ओढत होती. गुडघे नसलेला माणूस गुडघाभर पाण्यात, मग कमरेएवढ्या. मी मागून धावले आणि त्यांच्या कमरेला मिठी मारली. मागं सासूबाई किनाऱ्यावरून ओरडत होत्या, “ओ, वर येवा! वर येवा, सांगतंय!”

“सोडा, आबा!”

“सोडलो तर गेली!”

“न्हाई जाणार! पुढचा दोर हाय!”

“तो तुझो दोर गो!” आबा ओरडले.

हे त्यांनी मला दुखवायला म्हटलं नव्हतं. जे मनात होतं ते पाण्यात पाय सुटल्यावर तोंडातून आलं. आणि माझ्याही मनात तेच होतं. माझा दोर! पण पाणी आता त्यांच्या छातीपर्यंत आलं होतं, माझी बोटं सुटत होती, आणि होडी, रुपेश, कायतान यांतलं काहीच मला त्या घटकेला नको होतं.

“माझा हाय म्हणूनच सांगते! तो धरंल! सोडा म्हणते ना!”

सासऱ्याशी असं बोलायचं नसतं. आबांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. मग त्यांनी मूठ उघडली, मनगटाचा वळसा सुटला आणि दोर पाण्यातून साप गेल्यासारखा गेला.

होडी वळली. मधल्या धारेत गेली, आडवी झाली, केळींचं बेट तिच्या अंगावरून घासत पुढं निघून गेलं. मग पुढचा दोर पाण्यातून वर आला आणि ताणला, इतका की माझ्या ताडपत्रीच्या पट्टीच्या पुढं तो करंगळीएवढा बारीक दिसायला लागला. होडीचं नाक खाली गेलं. मी डोळे मिटले. सासूबाई म्हणाल्या, “रवली गो. बग, रवली.”

राहिली होती. डुलत होती, नाक पुन्हा पुन्हा खाली घालत होती, पण जागची हलत नव्हती.

आम्ही आबांना माडाखाली आणून बसवलं. त्यांचं मनगट सोलून निघालं होतं. मी एकाच वेळी रडत आणि हसत होते. पितरांचं सांडलेलं पान मात्र आमच्या मागं एका कावळ्यानं मनापासून खाल्लं. सासूबाईंनी त्याला हात जोडले.

ओहोटी पुरी झाल्यावर दिवेलागणीच्या सुमाराला आबा काठी टेकत पाण्यात उतरले. मी नको म्हणत होते, ऐकलं नाही. “सुंभ जळला तरी पीळ जात नाही,” असं मी पुटपुटले, तेही त्यांनी ऐकलं आणि सोडून दिलं. होडीच्या नाकाशी पोचल्यावर त्यांनी कमरेचा सुरा काढला आणि माझी ताडपत्रीची पट्टी उसवली.  आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात काय अर्थ होता?

आबांनी विणीवर अंगठा ठेवला. “रवळनाथाचो,” ते म्हणाले. अंगठा पुढं सरकला. “दर्याचो. घराचो.” अंगठा थांबला. मग आणखी पुढं सरकला.

“चवथो कोणाचो?”

“भुताचा.”

“म्हायत असून घातलंस?”

“नायलॉन निसरडा असतोय, आबा. शिवणीतसुद्धा टाके वाढवायला लागतात. आणि माझ्या हातावर माझा भरवसा नव्हता.”

 “माका माझ्या हातार होतो,” आबा म्हणाले. “तोच नडलो.”

 त्यांनी अंगठ्यानं पेड खरवडला. “सुंभ एकमेकाक धरून रवता. तेका केस आसतत. ह्येका धरूक काय नाय. तीन फेऱ्यांत सुटतलोच. आमी आपले बापाशीन सांगल्यासारखे तीन घालतो.” मग त्यांचा अंगठा शेवटच्या फेऱ्यावर आला. “आणि ह्यो पाचवो? ह्यो कोणाचो?”

हा प्रश्न मला तोवर पडलाच नव्हता.

“माझा,” मी म्हटलं.

आबांनी विणीवरचा अंगठा काढला. सुरा म्यानात घातला आणि काठी टेकत किनाऱ्याला लागले. घरी येऊन जेवले, निजले. विकायची की ठेवायची, एक शब्द नाही. रुपेशचा फोन आला. तो मुंबईला उतरला होता, सकाळी ऑफिसात जायचं होतं. “होडयेचा काय ठरला?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, “उद्या सांगते. सही करायच्या आधी माझ्या फोनची वाट बघ.”

सकाळी सासूबाईंनी घट बसवले. मी खाडीवर गेले तर आबा माझ्या आधी तिथं होते. शेजारच्या दोघांना उठवून त्यांनी इंजिन आणून होडीला लावलं होतं आणि होडी किनाऱ्याला घेतली होती. स्वतः माडाखाली बसून मांडीवर त्यांचा सुटलेला दोर घेऊन विणत होते. मला बघून म्हणाले, “इंजिन बग, चालू होता काय.” एवढंच. मी होडीत चढून इंजिनापाशी बसले. ते विकायला चालू करायचंय की कशाला, हे मला कळत नव्हतं, आणि विचारायचा धीर होत नव्हता.

तेवढ्यात कायतान आला. मोटारसायकल रस्त्यावर ठेवून तो पॅन्ट दुमडत खाली उतरला. गोरा, जाडा, हसरा माणूस. होडीभोवती एक फेरी मारली, कडेवर टिचक्या मारल्या.

“उधाणात रवली मगे? बरी आसा रे, गजा. नेतंय मी.”

आबा विणत होते. “माका काय इचारतंस?”

“मगे कोणाक इचारू?”

“होडी माझी नाय,” आबा म्हणाले. मान वर न करता त्यांनी दाभणानं माझ्याकडं दाखवलं. “मालकीण थंय इंजिनाकडे बसलीसा. तिका इचार.”

कायताननं माझ्याकडं बघितलं. मी आबांकडं. असल्या वेळी रडत बसले तर गिऱ्हाईक जातं, हेही मी आजऱ्यालाच शिकले होते.

“विकायची न्हाई,” मी म्हटलं. “पलीकडं जायचं असंल तर बसा.”

कायतान पोट धरून हसला. “पलीकडे माझी सासुरवाडी आसा,” तो म्हणाला. “मोटारसायकलीन जावचा तर पुलाकडसून जावचा लागता. चल, बसतंय.” चपला हातात घेऊन तो पुढच्या फळीवर बसला. मासळीच्या टोपल्या घेऊन उभ्या असलेल्या दोन बायका न विचारता त्याच्या मागून चढल्या.

आबा उठले. होडी ढकलायला दोघं शेजारी पुढं आले, त्यांना त्यांनी बाजूला केलं आणि स्वतः नाकावर हात ठेवून ढकललं. इंजिन दुसऱ्या ओढीला लागलं. होडी पाण्यात सरकली तेव्हा ते काठावरून ओरडले, “गो वैजू! रुपेशाक सांग, तरीर खलाशी होयो आसा! पगार नाय, जेवाण आसा!”

घरी फोनला रेंज यायची, पण खाली किनाऱ्यावर नसायची, ती पुन्हा खाडीच्या मध्यावर यायची. तिथं पोचल्यावर मी इंजिन मंद केलं आणि रुपेशला लावला. तो ऑफिसच्या दारातच उभा होता.

“सही केलीस?”

“नाय अजून. सांग.”

“तर चालू झाली. आबा म्हणतात, खलाशी पाहिजे.”

 मागं मुंबईचा गोंगाट ऐकू येत होता. मग त्यानं विचारलं, “आणि तांडेल कोण आसा?”

“मी,” मी म्हटलं.

“मगे रातच्या गाडीन येतलंय, तांडेलांनू,” रुपेश म्हणाला. कायताननं मागं वळून विचारलं, होडी थांबवलीस कशाला, बाई? मी फोन पदरात खोचला आणि इंजिन वाढवलं.